झिजणारं बाजारातून, जुळणारं कारखान्यातून

बाळ, तू स्पोर्ट्‌स बाइक घ्यायचं ठरवलंस, तेही स्वतःच्या पगारातून, याचा मला मनापासून आनंद आहे. कंपनीचं किट बुकिंगलाच घ्यावं की साधी गाडी घेऊन नंतर बाहेरून सामान लावावं, असं तू विचारलंस. माझं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आणि गाड्यांखाली गेलं. त्यातून जे हाती लागलं ते तुला नीट सांगतो. फॉर्मवर सही करण्याआधी सावकाश वाच.

सगळ्याचं सार एवढंच: जुळणारं कारखान्यातून घ्यावं, झिजणारं बाजारातून घ्यावं आणि अंगाला लागणारं मोजून घ्यावं.

जुळणारं म्हणजे ज्याचं काम गाडीतल्या दुसऱ्या चार गोष्टींवर अवलंबून असतं ते. सस्पेन्शन, क्विकशिफ्टर, ट्रॅक्शन कंट्रोल, चाकं ही त्यातली. झिजणारं म्हणजे टायर, ब्रेक पॅड, चेन, ग्रिप. ते कधीतरी बदलावंच लागणार, म्हणून बदलताना चांगलं घ्यावं. अंगाला लागणारं म्हणजे स्प्रिंग, लिव्हर, सीट. तुझं वजन किती आणि हात केवढे हे कारखान्याला ठाऊक नसतं. कोणताही पार्ट हातात आला की आधी तो या तिन्हींपैकी कशात बसतो ते ठरव. निम्मे निर्णय तिथेच होतात.

जुळणाऱ्या गोष्टींचा सौदा बुकिंगलाच कर

तुझ्या मनात असलेल्या अपाचे आरआर ३१० चंच उदाहरण घे. ही गाडी डिसेंबर २०१७ मध्ये आली. २०२१ मध्ये टीव्हीएसने तिच्यासाठी ‘बिल्ट टू ऑर्डर’ची सोय काढली, म्हणजे गाडी मागवतानाच किट निवडायचं आणि कारखान्यातून ती तशीच तयार होऊन यायची. त्यातलं डायनॅमिक किट तेव्हा १२,००० रुपयांना होतं. त्यात पुढचं आणि मागचं सस्पेन्शन पूर्ण ॲडजस्टेबल मिळायचं: प्रीलोड, कम्प्रेशन आणि रिबाउंड, तिन्ही. शिवाय पितळेचा मुलामा दिलेली, गंज न धरणारी चेन. आज भाव वाढलेत, किटमधल्या वस्तूही बदलल्यात, तेव्हा शोरूममधून ताजी यादी लिहून घे. पण हिशेब तोच राहतो. साध्या गाडीला नंतर बाहेरून चांगल्या ब्रँडची फोर्क कार्ट्रिज आणि मागचा शॉक बसवायचा म्हटलं तर खर्च लाखाच्या घरात जातो. शिवाय जुनं सस्पेन्शन काढून ठेवावं लागतं ते वेगळंच, आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

मोठ्या गाड्यांतही हेच दिसतं. डुकाटीची पानिगाले व्ही४ साधी घेतली तर पुढे शोवाचा फोर्क आणि मागे झाक्सचा शॉक येतो. व्ही४ एस घेतली तर ओलिन्सचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आणि मार्केझिनीची फोर्ज्ड चाकं येतात. ते सस्पेन्शन ब्रेक लागला, थ्रॉटल उघडला, गाडी झुकली हे सेन्सरकडून समजून घेऊन डॅम्पिंग बदलत राहतं. तो सगळा संवाद कारखान्यातच जुळवलेला असतो. साधी व्ही४ घेऊन तिची एस करू पाहणाऱ्याला पैसेही जास्त पडतात आणि संवाद जुळवायचं कामही अंगावर येतं.

क्विकशिफ्टरचंही तसंच. गिअर लिव्हरच्या दांड्यावर दाब ओळखणारा सेन्सर असतो. दाब पडला की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, क्षणभर इंजिनची ताकद तोडतो, दातांवरचा भार सुटतो आणि क्लच न दाबता गिअर पडतो. खाली उतरताना ईसीयूला स्वतःच थ्रॉटल किंचित उघडावा लागतो, त्यासाठी राइड-बाय-वायर, म्हणजे तारेऐवजी विजेवर उघडणारा थ्रॉटल, लागतं. ताकद किती मिलिसेकंद तोडायची हे आरपीएम आणि गिअरप्रमाणे बदलतं. कंपनीने ते गिअरबॉक्स बघून ठरवलेलं असतं. बाहेरच्या किटमध्ये ते ट्यूनरच्या कानावर सुटतं आणि चुकलं तर गिअरचे डॉग, म्हणजे एकमेकांत अडकणारे खुंट, झिजतात. म्हणून क्विकशिफ्टर हवा असेल तर तो असलेलंच मॉडेल घे.

ट्रॅकचं सामान ऑफिसच्या वाटेवर लादू नको

कारखान्यातून येतं म्हणून सगळं घ्यायचं, असंही नाही. त्याच ‘बिल्ट टू ऑर्डर’मध्ये रेस किट होतं: हँडल खाली आणि पुढे, फूटरेस्ट वर आणि मागे, पेगवर चांगली पकड देणारं नर्लिंग. ट्रॅकवर हे खरंच कामाचं. फूटरेस्ट वर गेला की गाडी जास्त झुकवता येते आणि पाय जमिनीला घासत नाही. पण तू रोज चाकणच्या ट्रॅफिकमधून जाणार. तिथे खाली झुकलेल्या हँडलवर सगळा भार मनगटांवर येतो, मान ताठ होते, आणि दमलेल्या हातांनी लावलेला ब्रेक नेहमी उशिरा लागतो. ट्रॅकवर वर्षातून चार-पाचदा जायचं ठरवलंस, तेव्हा त्या किटचा विचार कर. तोवर ते पैसे राखून ठेव.

उंची कमी करायला लिंक बदलू नको

आरआर ३१० च्या सीटची उंची ८१० मिलिमीटर. सिग्नलला पाय टेकत नाहीत म्हणून काही जण मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली घेतात. तुलाही कोणी तसं सुचवेल. ऐकू नको. मागचा भाग खाली बसला की पुढच्या फोर्कचा कल वाढतो, ट्रेल वाढतो, आणि जी गाडी नुसत्या नजरेबरोबर वळत होती ती वळणात ढकलावी लागते. साइड स्टँडवर गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्याने पडते. स्पीडब्रेकरला पोट घासतं ते निराळंच.

त्याऐवजी सीटचा फोम शिवणाऱ्याकडून थोडा कमी करून घे, जाड तळाचे रायडिंग बूट घाल, आणि सॅग नीट लाव. सॅग म्हणजे तू बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. स्पोर्ट्‌स गाडीला तो साधारण ३० ते ३५ मिलिमीटर असावा. मोजायला तीन माणसं लागतात: एक गाडीवर पूर्ण जॅकेट-हेल्मेटसह, एक गाडी सरळ धरायला, एक टेप घेऊन. आधी चाकं हवेत सोडून ॲक्सलपासून वरच्या एका खुणेपर्यंत माप घ्यायचं, मग बसल्यावर तेच माप. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग.

तुझं वजन कमी आहे. कंपनीची स्प्रिंग भारी माणसाचा आणि मागे बसणाऱ्याचाही विचार करून दिलेली असते. तुझ्याखाली ती पुरती दबणार नाही, खड्ड्यावर गाडी उडेल आणि पाय आणखी वर राहतील. म्हणून तर तुला डायनॅमिक किट घ्यायला सांगतोय. प्रीलोड मोकळा केलास की सॅग येईल, आणि उंचीतही थोडा फरक पडेल. प्रीलोडने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, ती कुठून दबायला लागते एवढंच बदलतं, हे मात्र लक्षात ठेव. प्रीलोड पूर्ण मोकळा करूनही सॅग मिळाला नाही, तर वजनाला साजेशी मऊ स्प्रिंग बाजारातून आणायची. ती अंगाला लागणारी वस्तू आहे, ती मोजूनच घेतात.

डॅम्पिंगचे क्लिक फिरवताना एका वेळी एकच गोष्ट बदल, तीही दोन क्लिकने, आणि वहीत लिही. त्याच रस्त्यावर, त्याच हवेच्या दाबावर तपास. कंपनीची मूळ सेटिंग पहिल्या पानावर लिहून ठेव, म्हणजे वाट चुकली तर परत यायला जागा राहील.

बाजारातली पहिली खरेदी टायरची

गाडीसोबत आलेला टायर झिजेपर्यंत वापर. मग मात्र चांगला घे, कारण इंजिन आणि ब्रेक जे काही करतात ते तळहाताएवढ्या रबरातूनच रस्त्यावर उतरतं. तीन गोष्टी बघ. पहिली, माप तेच ठेव. ‘मागे १६० टाकू, दणकट दिसेल’ असं सांगणारे भेटतील. १५०/६० चा टायर चार इंची रिमवर बरोबर बसतो. १६०/६० ला साडेचार इंच किंवा त्याहून रुंद रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, मधला भाग टोकदार होतो आणि गाडी झुकताना अडखळते. शिवाय एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करून काम करतात. घेर बदलला की त्यांचा हिशेब बिघडतो.

दुसरी गोष्ट, टायरवरचे चार आकडे वाच. ‘२३२४’ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नको, रबर कडक झालेलं असतं. तिसरी, रस्त्यासाठी रस्त्याचाच टायर घे. रेसचा स्लिक गरम झाल्यावरच धरतो, आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाटात तो कधीच गरम होणार नाही. नवा टायर घातलास की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालव. हवा नेहमी थंड टायरमध्ये तपास.

ब्रेक: आधी तेल, मग पॅड, मग होज

ब्रेक मऊ लागतो म्हणून लगेच मोठा मास्टर सिलिंडर आणू नको. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. कोरं डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. मोठा घाट उतरताना ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदल आणि हवा नीट काढून घे. बहुतेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात. डॉट ४ च्या जागी डॉट ५ कधी घालू नको. ते सिलिकॉनचं असतं, त्याची जात वेगळी.

त्यानंतर पॅड. सिंटर्ड पॅड पावसात आणि उष्णतेत चांगले धरतात, पण कंपनीची डिस्क त्यांना चालते का हे विचारून घे. नाहीतर डिस्क खाल्ली जाते. शेवटी स्टील ब्रेडेड होज. रबरी होज दाबाने किंचित फुगतो, ब्रेडेड फुगत नाही, म्हणून लिव्हरवर ब्रेकची जाणीव जास्त स्पष्ट होते. गाडीत आधीच ब्रेडेड असेल तर हा खर्चच नाही. नसेल तर बाहेरून केलेल्या बदलांत हा सगळ्यात रास्त, फक्त हँडल पूर्ण फिरवून होज कुठे ताणला जात नाही ना हे बघ.

चेन-स्प्रॉकेटचं गणित कागदावर कर

समज, पुढे १५ आणि मागे ४५ दात आहेत. गुणोत्तर ३. पुढचा एक दात कमी केलास तर ते ३.२१ होतं, म्हणजे गाडी सात टक्क्यांनी आखूड गिअरवर चालते. मागे तेवढाच परिणाम साधायला तीन दात वाढवावे लागतात. पिकअप जाणवतो, पण हायवेवर त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं, उष्णता आणि पेट्रोल दोन्ही वाढतं. तू पुणे-कोल्हापूर करणार असशील तर मूळचंच बरं. चेन झिजली की दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण सेट बदल. पुण्याच्या नाना पेठेत सगळं मिळतं, पण नकली मालही मिळतो. अधिकृत विक्रेत्याचं पक्कं बिल नसेल तर चेन घेऊ नको. तुटलेली चेन इंजिनची केसिंग फोडते किंवा मागचं चाक जाम करते.

आवाजाला ताकद समजू नको

सायलेन्सरबद्दल मी कठोर आहे आणि राहणार. १ एप्रिल २०२० पासून आपल्या नव्या गाड्या बीएस६ या प्रदूषणाच्या नियमांप्रमाणे येतात. एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. सेन्सरने सांगितलं तसं ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. मोकळा सायलेन्सर बसवला की हवा-पेट्रोलाचं प्रमाण बदलतं. संथ चालवताना ईसीयू काही मर्यादेपर्यंत सावरून घेतो, पण थ्रॉटल पूर्ण उघडलास की तो बहुधा ठरलेल्या नकाशावर चालतो, आणि तिथे मिश्रण विरळ होऊन इंजिन तापतं. ते सुधारायला पिगीबॅक, म्हणजे ईसीयूचे संकेत बदलणारा जोडयंत्र, बसवायचा, मग त्याच्यासाठी डायनोवर ट्यूनिंग, मग एअर फिल्टर. एका पार्टने चार खर्च लावले आणि लहान इंजिनात हाती येते ती एखाद-दुसरी अश्वशक्ती. दरम्यान वॉरंटीही अडचणीत येते.

कायदा तर स्पष्ट आहे. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या १८२अ कलमाप्रमाणे मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जप्त केलेल्या सायलेन्सरवरून पोलीस रोड रोलर फिरवतात हे आपल्या शहरांनी पाहिलं आहे. शहाण्या ब्रँडचे रेस एक्झॉस्टसुद्धा ‘फक्त ट्रॅकसाठी’ असं लिहून येतात. पण दंडापेक्षा मला वाटते ती माणसांची काळजी. पहाटे पाचला सोसायटीतून निघताना वरच्या मजल्यावर कोणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं. आपल्या आनंदाने त्याची झोप मोडू नये.

मागचा मडगार्ड कापून नंबरप्लेट आत ढकलायची फॅशनही टाळ. पावसात सगळा चिखल तुझ्या पाठीवर आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर जातो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण नियमानेच बंधनकारक आहे. ओढणी आणि पदर यांच्या देशात तो नियम जीव वाचवणारा आहे.

ॲल्युमिनिअम हातात घेऊन ओळख

लिव्हर आणि रिअरसेट रंगीत असतात म्हणून भुलू नको. ॲनोडायझिंगचा रंग ओतीव मालावरही चढतो. फोर्ज्ड किंवा अखंड ठोकळ्यातून मशीन केलेल्या पार्टच्या कडा स्वच्छ असतात, छिद्रांत आटे पूर्ण असतात, पिव्हॉटला खुळखुळ नसते. स्वस्त ओतीव लिव्हरमध्ये आत हवेचे पोकळ बुडबुडे असू शकतात आणि तो ऐन ब्रेकच्या वेळी तुटतो. पकड लहान असेल तर ॲडजस्ट होणारा लिव्हर घे, तो अंगाचा पार्ट आहे, पण चांगला घे.

गाडी पडली तर फेअरिंग आणि इंजिन वाचावं म्हणून फ्रेम स्लायडर लावून घे. आखूड आणि कंपनीच्या यादीतला असेल तर उत्तम. फार लांब स्लायडर पडताना तरफेसारखा जोर देऊन इंजिनचा माउंटच वाकवतो. कोणताही पार्ट बसवताना टॉर्क रेंच वापरणाराच मिस्त्री बघ. बोल्ट ‘हाताच्या अंदाजाने’ आवळणाऱ्याकडे ब्रेक आणि ॲक्सल सोपवू नको.

कागद आणि जुने पार्ट जपून ठेव

बाहेरून काही लावलंस तर विमा कंपनीला लेखी कळव आणि पॉलिसीत एंडोर्समेंट करून घे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी पुढे येतो. कंपनीची ॲक्सेसरी असली तरी इनव्हॉइसवर तिचं नाव असल्याची खात्री कर, म्हणजे वॉरंटी आणि विमा दोन्हींत ती मोजली जाते. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट बोल्टसह पिशवीत घालून चिठ्ठी लाव. गाडी विकताना मूळ अवस्थेतली गाडीच लवकर आणि चांगल्या भावाने जाते.

पैसे या क्रमाने लाव

पहिल्यांदा अंगावरचं सामान: आयएसआय मार्कचं, डोक्याला घट्ट बसणारं फुल-फेस हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट. यात काटकसर नको. दुसऱ्यांदा बुकिंगच्या वेळचं सस्पेन्शन किट. तिसऱ्यांदा शिक्षण. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरजवळ कारी इथल्या ट्रॅकवर प्रशिक्षणाचे दिवस असतात. नजर कुठे ठेवायची, ब्रेक कधी सोडायचा हे एका दिवसात जेवढं कळतं तेवढं कोणत्याही पार्टमधून मिळत नाही, आणि ते पुढच्या प्रत्येक गाडीवर तुझ्यासोबत राहतं. चौथ्यांदा टायर, ब्रेकचं तेल आणि पॅड, ज्याची वेळ येईल तसं. सगळ्यात शेवटी दिसण्याचं काही हवंच असेल तर ते.

गाडी मिळाल्यावर पहिली सर्व्हिस होईपर्यंत तिला काहीही लावू नको, काहीही काढू नको. तेवढ्या काळात इंजिन रुळतं आणि तुला गाडी कळते. मग तुला स्वतःलाच सांगता येईल की कमतरता गाडीत आहे की सवयीत.

तर बुकिंगला जाताना एका कागदावर दोन रकाने आख: ‘आजच घ्यायचं’ आणि ‘झिजल्यावर घ्यायचं’. सेल्समनने सुचवलेली प्रत्येक वस्तू यातल्या एका रकान्यात बसली पाहिजे. जी कुठेच बसत नाही तिला हसून नाही म्हण. पहिली सर्व्हिस झाली की जॅकेट-हेल्मेट घालून कोल्हापूरला ये. टेप माझ्याकडे आहे, गाडी धरायला तुझी मामी आहे. तुझा सॅग आपण तिघं मिळून लावू.